मीठ राहिले

आम्हांला स्वयंपाक येत नव्हता, असे म्हणण्यात विनयाचा भाग काहीही नाही. वयाच्या विसाव्या वर्षी आम्ही सेमिनरीत पाऊल टाकले आणि त्यानंतरची तीसएक वर्षे दिवसातून तीनदा घंटा वाजली की अन्न आमच्यापुढे येत राहिले. तत्त्वज्ञानाची तीन वर्षे झाली, ईशज्ञानाची चार झाली. संत थॉमस अक्वायनस यांचे युक्तिवाद पाठ झाले, ग्रीक क्रियापदे ओळखता येऊ लागली. परंतु तांदूळ किती पाण्यात शिजतो, हा प्रश्न आम्हांला कोणी विचारला नाही आणि आम्हीही कोणाला विचारला नाही. चर्चचा इतिहास शिकताना संत बेनेडिक्ट यांची नियमावली अभ्यासाला होती. तिच्या पस्तिसाव्या प्रकरणात मठातील बंधूंनी आठवड्याआठवड्याने पाळीपाळीने स्वयंपाकघरात सेवा करावी असे सांगितले आहे, आणि एकोणचाळिसाव्यात जेवणाला दोन शिजवलेले पदार्थ पुरेत, फळे किंवा कोवळी भाजी मिळाली तर तिसरा चालेल, असे आहे. परीक्षेत आम्ही दोन्ही प्रकरणांवर चांगले गुण मिळवले. त्या रात्रीही आमची ताटे दुसऱ्यानेच घासली असतील.

धर्मग्रामात आल्यावर घंटेची जागा मावशींनी घेतली. सकाळी साडेसहाची मिस्सा संपवून धर्मगुरुनिवासात परतावे तो ओट्यावरून चहाचा वास येत असे. मावशी आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. शेजारच्या गावातून चालत येत, दुपारचे आणि रात्रीचे करून ठेवून चारच्या सुमारास परत जात. त्यांच्या हाताला चव होती, हे आम्ही आज लिहितो. तेव्हा मात्र झाकण उचलून आत डोकावताना आमच्या तोंडून हमखास निघे, “पुन्हा डाळ?” त्यावर मावशी काहीही बोलत नसत. फार तर लोणच्याची बरणी थोडी पुढे सरकवत.

२०२० सालच्या मार्च महिन्यात टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा उपवासकाळ अर्ध्यावर आला होता. २४ तारखेच्या मध्यरात्रीपासून सारे थांबले. मावशींच्या गावाने वेशीवर बांबू आडवे बांधले. इकडच्या लोकांनीही बांधले. चर्चचे दार बंद झाले. आमच्या धर्मग्रामाला सहायक धर्मगुरू नाही, त्यामुळे त्या दुमजली घरात आम्ही एकटे आणि एक मांजर एवढेच उरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही प्रथमच फडताळ नीट उघडून पाहिले. तांदूळ होते, तूरडाळ होती, मसूर होती, कांदे, लसूण, सुक्या मिरच्या, हळद, चिंचेचा एक गोळा, तेलाची बरणी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले थोडे सुके बोंबील. ‘एवढ्यात काय होणार?’ हा आमचा पहिला विचार. आज तो आठवला की हसू येते, कारण त्या फडताळात काय नव्हते, हेच शोधावे लागले असते.

पहिला भात तळाला करपला आणि वर कच्चा राहिला. आम्ही मावशींना फोन लावला.

“पाणी किती घातलंत?”

“अंदाजे.”

“अंदाज तुम्हांला कुठून येणार, फादर? तांदळावर बोट टेकवा. बोटाचं एक पेर वर पाणी. उकळी आली की आच कमी, झाकण ठेवा, आणि उघडून उघडून बघू नका.”

उघडून न बघणे हेच सर्वांत कठीण गेले. भात झाकणाखाली स्वतःच्या वाफेत शिजतो. दर दोन मिनिटांनी आपण झाकण उचलले की ती वाफ आपल्या चष्म्यावर बसते आणि भात उपाशी राहतो. चौथ्या दिवशी भात जमला.

मग डाळ. आमच्या आईची डाळ आंबट असे, म्हणून आम्ही तूरडाळ, चिंच, मिरची, सारे एकदम पातेल्यात घालून शेगडीवर चढवले. तास झाला, दीड तास झाला. डाळीचे दाणे एकेक वेगळे, कणखर, जणू काही सत्याग्रहाला बसलेले. आम्ही पाणी घालत राहिलो. शेवटी पुन्हा फोन. मावशी आधी हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना इतके मोकळे हसताना आम्ही ऐकले नव्हते. “चिंच आधी घातली तर डाळ शिजेल कशी? आधी डाळ मऊ होऊ द्या, मग चिंच.” यात रसायनशास्त्र आहे, हे पुढे आमच्या एका शिक्षक मित्राने सांगितले. दाण्याला बांधून ठेवणारे जे द्रव्य असते, ते आंबट पाण्यात विरघळायला तयार होत नाही. मावशींना ते द्रव्य ठाऊक नव्हते. डाळ ठाऊक होती.

असे आमचे शिक्षण चालले असतानाच दुसरीकडे मदतकार्य सुरू झाले. आमच्या धर्मग्रामाच्या पूर्वेला वीटभट्ट्या आहेत. पावसाळा सरला की जव्हार-मोखाड्याकडची आदिवासी कुटुंबे तेथे कामाला येतात आणि पुढचा पाऊस जवळ आला की परत जातात. भट्ट्या बंद पडल्या, मजुरी थांबली, गाड्या नाहीत. माणसे तेथेच अडकली. सरकारने २६ मार्च रोजी शिधापत्रिकेवर माणशी महिना पाच किलो धान्य आणि कुटुंबाला एक किलो डाळ मोफत देण्याची घोषणा केली होती, पण या लोकांपैकी अनेकांच्या शिधापत्रिका गावच्या झोपडीत पत्र्याच्या पेटीत राहिलेल्या. तेव्हा धर्मग्रामातर्फे काही करावे असे ठरले. आमच्या समितीत पाच जण होतो. पाचही पुरुष, ही गोष्ट तेव्हा कोणाच्याच ध्यानात आली नाही. दूरध्वनीवरच बैठक झाली आणि वीस मिनिटांत यादी तयार झाली: तांदूळ पाच किलो, तूरडाळ एक किलो, तेल एक लिटर, साखर एक किलो, चहा पाव किलो, कांदे-बटाटे दोन-दोन किलो, बिस्किटांचे पुडे आणि एक साबण. ‘एका कुटुंबाला पंधरा दिवस सहज जातील,’ असे आमच्यापैकी एक जण म्हणाला. बहुधा ते आम्हीच होतो.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी पोलिसांची परवानगी काढून आम्ही टेम्पोतून बेचाळीस पिशव्या नेल्या. माणसे अंतर ठेवून उन्हात उभी होती. प्रत्येकाने पिशवी घेतली, हात जोडले. शेवटाकडे एक बाई आली. कडेवर मूल, मागे दोन. तिने पिशवी तेथेच खाली ठेवली आणि शांतपणे एकेक जिन्नस बाहेर काढून पाहू लागली. आमच्या एका स्वयंसेवकाला ते आवडले नाही. दानाच्या पिशवीत असे पाहू नये, असे त्याच्या चेहऱ्यावर लिहिले होते. बाईने सारे पुन्हा आत भरले आणि आमच्याकडे पाहिले.

“फादर, सगला दिलास,” ती म्हणाली, “मीठ नाय दिलास.”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. कोणी विसरलेली छत्री आणून द्यावी, तसे ते होते.

आम्ही जेथे राहतो त्या किनारपट्टीवर मिठागरे आहेत. भरतीचे पाणी अडवून उन्हात वाळवायचे आणि पांढरे ढीग रचायचे, हे दृश्य आम्ही लहानपणापासून पाहत आलो. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीच्या रविवारी उपासनेतील शुभवर्तमान पृथ्वीच्या मिठाविषयीचे होते आणि आम्ही त्यावर सतरा मिनिटे प्रवचन केले होते. जुन्या विधीत बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाच्या जिभेवर मिठाचा कण ठेवीत, हेही त्यात सांगितले होते. वृद्ध मंडळींना ते आवडले. आणि आठ आठवड्यांनी बेचाळीस घरांना आम्ही बिस्किटे दिली, मीठ दिले नाही.

त्या संध्याकाळी आम्ही डाळभात केला आणि मुद्दाम मिठाविना केला. हे प्रायश्चित्त म्हणून केले असे लिहिले तर ते खरे होणार नाही; कुतूहलही होते. दोन घास गेले, तिसरा जाईना. डाळीला लसूण होता, मिरची होती, फोडणी बरी साधली होती. पण जिभेला काही लागेचना. पोटात भूक असताना घास तोंडात फिरत राहतो, हा अनुभव आम्हांला नवा होता.

आणि तेव्हा आईची आठवण झाली. आमच्या घरी आम्ही पाच भावंडे, आई-बाबा मिळून सात. बाबांची वाडी होती, केळी आणि थोडी पानवेल. पैसा हंगामाला येई आणि हंगामाआधीच संपलेला असे. पावसाळ्यात मासळी बंद. मग आई एक सुका बोंबील निखाऱ्यावर भाजी, त्याचे काटे काढी, लसूण, मिरची आणि मीठ घालून पाट्यावर ठेचून काढी. एका बोंबलाचे ते तिखट सात जणांना पुरे. प्रत्येकाच्या भातावर बोटाच्या टोकाएवढे. आम्ही ते पुरवून पुरवून खात असू आणि आम्हांला तो खेळ वाटे. आई शेवटी बसे. तिच्या ताटात पेज असे आणि कडेला मिठाची चिमूट. ‘आई, तुला बोंबील नको?’ असे विचारले की ती म्हणे, “मला पेजच आवडते.” आम्ही त्यावर विश्वास ठेवला. ती गेली तेव्हा आम्ही चाळीस वर्षांचे होतो आणि तोपर्यंत कधीही त्या वाक्याचा पुन्हा विचार केला नव्हता. मिठाविना केलेल्या भातासमोर बसलो असताना, वयाच्या पन्नाशीत, तो केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक हिशेब मांडला. पिशवी पाच माणसांच्या कुटुंबासाठी होती. म्हणजे एकाच्या वाट्याला तांदूळ एक किलो, डाळ दोनशे ग्रॅम. तेवढे आम्ही काट्यावर मोजून वेगळ्या डब्यांत काढले आणि ठरवले की पंधरा दिवस आपण यातच जेवू. एक किलोचे पंधरा भाग केले की दिवसाला सहासष्ट ग्रॅम येतात. म्हणजे सुमारे दीड मूठ. हे आम्ही आधी कागदावर केले असते, तर प्रयोग करावाच लागला नसता. पण कागदावरचे सहासष्ट आणि पातेल्यातले सहासष्ट यांत फरक असतो. आम्ही काही विटा उचलत नव्हतो. दिवसभर बसून वाचत होतो, प्रार्थना म्हणत होतो, तरी आमचा भात दोन वेळांचा मिळून पावशेराच्या वर जाई. रविवारी सुरुवात केली. बुधवारी रात्री तांदळाचा डबा रिकामा झाला. पंधरा दिवसांचे धान्य चार दिवसांत संपले होते. पवित्र गुरुवारी रिकाम्या चर्चमध्ये कॅमेऱ्यासमोर मिस्सा अर्पण केली. त्या वर्षी चरणक्षालनाचा विधी वगळावा असा रोमहून आदेश होता. पाय धुवायला समोर कोणी नव्हतेच. मिस्सा आटोपून घरी आलो आणि मुकाट्याने मोठ्या डब्यातून तांदूळ काढले. आमच्यापाशी मोठा डबा होता.

पुनरुत्थान रविवारनंतर समितीची पुन्हा बैठक झाली. या वेळी आम्ही मावशींना फोनवर घेतले; त्याला एक-दोघांनी नाके मुरडली. मावशींनी पहिल्यांदा विचारले, “ते शिजवतात कशावर?” कोणालाच सांगता येईना. तीन विटांच्या चुलीवर, मिळेल त्या काटक्यांवर, हे आम्ही पाहिले होते, पण त्याचा डाळीशी संबंध आहे हे सुचले नव्हते. “मग तूर कशाला दिलीत? तूर सरपण खाते. मसूर द्या, अर्ध्या वेळात होते.” बिस्किटे गेली. साखरेच्या जागी थोडा गूळ आला, कोऱ्या चहाला तोही चालतो. तांदूळ पंधरा किलो झाले, मसूर दोन किलो, तेल एक लिटर राहिले. मीठ, सुकी मिरची, हळद, लसूण, कांदे आणि चिंच यांची भर पडली. मावशींची यादी लांबीने आमच्याएवढीच होती, पण तिच्यातून जेवण होत होते. आमच्या यादीतून फक्त पदार्थांची नावे होत होती.

अर्थात पैसे तेवढेच होते. समितीतील एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे पडले की पूर्वीसारखेच सर्वांना थोडेथोडे द्यावे, कोणाला नाही म्हणू नये. त्यांचे मन मोठे होते आणि त्यांना उत्तर देणे सोपे नव्हते. थोडेथोडे दिल्याने देणाऱ्याचे समाधान होते, हे आम्ही चार दिवसांपूर्वीच काट्यावर मोजले होते, पण ते बोलून दाखवायला जीभ धजेना. शेवटी असे ठरले की ज्यांना सरकारी धान्य मिळू लागले त्यांना फक्त मीठ-मसाला, डाळ आणि तेल द्यावे. पूर्ण पिशवी उरलेल्यांना. काही जण नाराज झाले. आमच्याविषयी आजही नाराज आहेत.

त्या पिशवीतून काय काय होते, हे आम्ही स्वतः करून पाहिले, आणि वाचकांपैकी जे आमच्यासारखे स्वयंपाकात अडाणी असतील त्यांच्यासाठी येथे नोंदवतो. मसूर शिजवून घोटायची. तेलात ठेचलेला लसूण तांबूस होईपर्यंत परतून, मिरची मोडून घालून ती फोडणी वरून ओतायची. ही एक डाळ. तीच डाळ, पण लसणाऐवजी उभा चिरलेला कांदा काळपट लाल होईपर्यंत परतला, तर दुसरी. चव इतकी वेगळी की पाहुण्याला पत्ता लागू नये. डाळ संपली असेल तर चिंचेचे पाणी, मीठ, मिरची, ठेचलेला लसूण, वर थोडी फोडणी. हे सार भातावर ओतून खाल्ले की भात किती गेला ते कळत नाही. तांदूळ आणि मसूर एकत्र मऊ शिजवले, हळद-मीठ घातले की आटवल. आजाऱ्याला आणि म्हाताऱ्याला चालते, तेल न घालताही चालते. भाताचे पाणी वेळून काढले तर मीठ घालून सकाळची पेज. उरलेला भात रात्री पाण्यात घालून ठेवला तर सकाळी किंचित आंबतो. त्यासोबत मुठीने फोडलेला कांदा आणि मीठ-मिरची. कांदा सुरीने कापू नये, मुठीने फोडावा. यामागचे शास्त्र आम्हांला कोणी सांगितलेले नाही, पण आमचे मत पक्के आहे.

तांदळात शरीराला लागणारा जो एक घटक कमी पडतो तो डाळीत भरपूर असतो आणि डाळीत जो कमी तो तांदळात असतो, असे आहारशास्त्र सांगते. म्हणजे मावशींनी वर्षानुवर्षे आमच्यापुढे जे ठेवले आणि ज्याला आम्ही ‘पुन्हा डाळ’ म्हणत आलो, ते पूर्ण जेवण होते.

एप्रिलच्या अखेरीस आम्ही नव्या पिशव्या घेऊन भट्टीवर गेलो. निम्म्या झोपड्या रिकाम्या होत्या. वाट पाहून कंटाळलेली माणसे मुलांना खांद्यावर घेऊन डोंगराकडे चालत निघून गेली, असे राहिलेल्यांनी सांगितले. ती बाईही गेली होती. तिची झोपडी एका मुलाने दाखवली. दाराशी चुलीच्या तीन विटा होत्या, राख पावसाशिवाय जितकी थंड होऊ शकते तितकी थंड. आम्हांला तिचे नावही ठाऊक नव्हते. कोणाला विचारायचे तर काय म्हणून विचारायचे? सारफथच्या विधवेच्या घरी एलिया संदेष्टा गेला तेव्हा तिच्यापाशी मूठभर पीठ आणि थोडे तेल होते, ही कथा आम्ही कितीदा सांगितली असेल. त्या कथेत ती विधवा गावाच्या वेशीवरच सापडते. आम्ही एक पिशवी परत आणली. पुढे त्यातले तांदूळ-डाळ दुसऱ्या घरी गेले. मिठाचा पुडा मात्र आमच्या फडताळात राहिला.

जूनमध्ये बांबू सुटले आणि मावशी आल्या. तोंडाला रुमाल बांधून त्या दारात उभ्या राहिल्या, आणि प्रथम ओट्याकडे, मग पातेल्यांच्या बुडांकडे पाहिले. बुडे काळी होती. आम्ही त्यांना खुर्चीवर बसवले. त्या बसायला तयार नव्हत्या; त्या घरात त्या कधी बसल्याच नव्हत्या. आम्ही ताट वाढले: भात, मसुरीची डाळ, फोडलेला कांदा आणि शेवटच्या बोंबलाचे तिखट.

“पुन्हा डाळ, मावशी,” आम्ही म्हणालो. आणखी बरेच काही म्हणायचे ठरवले होते, तेवढेच निघाले.

त्यांनी रुमाल खाली केला, घास घेतला, सावकाश चावला. मग डोळे न उचलता म्हणाल्या, “फादर, मीठ जास्त झालंय.”

आणि ताट स्वच्छ करून उठल्या.